ताईंनी दिलेलं घर : शशिकला काकोडकर आणि गोव्याचे दोन कायदे

आमच्या आजीला वाचता येत नव्हतं. घराबद्दल कुणी काही विचारलं की ती एवढंच म्हणायची, "हें घर ताईन दिलां." लहानपणी मला वाटायचं, ताई म्हणजे आमची कुणीतरी लांबची नातेवाईक, जिच्याकडे पुष्कळ घरं असणार. शाळेत गेल्यावर कळलं की ताई म्हणजे शशिकला काकोडकर, गोव्याच्या माजी मुख्यमंत्री. आणखी मोठा झाल्यावर कळलं की ताईंनी आजीला घर दिलंच नव्हतं. ते आजीच्या सासऱ्याने स्वतः मातीच्या भिंती थापून, वर चुडतांचं, म्हणजे माडाच्या झावळ्यांचं, छप्पर घालून उभं केलं होतं. ताईंच्या सरकारने दिली ती हमी. या घरातून तुला आता कुणी उठवू शकणार नाही, एवढीच. आजीच्या लेखी दोन्ही एकच होतं आणि आज मलाही तसंच वाटतं.

शशिकलाताईंची ओळख बहुतेक वेळा दोन वाक्यांत उरकली जाते. गोव्याच्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कन्या. दोन्ही खरं आहे, पण पाच वर्षं आठ महिने त्या खुर्चीवर बसून त्यांनी काय केलं हे त्यातून कळत नाही. ते कळायला त्या काळच्या गोव्यातली तीन माणसं ओळखावी लागतात : भाटकार, कूळ आणि मुंडकार. या तिघांचं नातं नीट समजलं तर ताईंचं अर्धं चरित्र समजलं असं मी म्हणेन. म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊ.

तीन माणसं

भाट म्हणजे माडांची बाग आणि भाटकार म्हणजे तिचा मालक. पण व्यवहारात गावातल्या कुठल्याही मोठ्या जमीनदाराला भाटकारच म्हणत. शेतं, भाटं, डोंगराची उतरण, कधी कधी अख्खा वाडा, म्हणजे वस्ती, त्याच्या नावावर असे. काही ठिकाणी मालक एकटा माणूस नसून गावची कोमुनिदाद असायची. पोर्तुगीज यायच्या आधीपासून चालत आलेली ही गावकऱ्यांची संस्था, जी आपली शेतं लिलावाने कसायला द्यायची. देवस्थानांच्याही जमिनी होत्या.

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी सगळं त्याने करायचं आणि पिकातला ठरलेला वाटा मालकाला खंड म्हणून द्यायचा. गोव्यात हा खंड बहुधा भाताच्या रूपात, खंडी-कुडवाच्या मापाने जाई. पाऊस चुकला किंवा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तरी खंड माफ होईलच याची खात्री नसे.

आणि मुंडकार? मुंडकार मालकाच्या जमिनीवर राहतो. फरक इथेच आहे आणि लोक नेमके इथेच गोंधळतात. कुळाचा संबंध शेताशी, मुंडकाराचा घराशी. भाटकाराच्या परवानगीने त्याच्या भाटात घर बांधून राहिलेला माणूस तो मुंडकार. भाटकाराला तो हवा असायचा कारण भाटाची राखण व्हायची, पडलेले नारळ गोळा व्हायचे, नारळ पाडणारा पाडेली आला की हाताशी माणूस मिळायचा. मुंडकाराला डोक्यावर छप्पर मिळायचं. सुरुवातीला हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा असेल. पण पिढ्या सरत गेल्या तसं त्या छपराचं ओझं झालं. भाटकाराच्या वाड्यावरून बोलावणं आलं की स्वतःचं काम टाकून जावं लागे. चुडतं काढून कौलं घालायची तर विचारावं लागे. मुलाचं लग्न झालं, एक खोली वाढवायची, तरी विचारावं लागे. मतदान सुरू झाल्यावर मत कुणाला द्यायचं याचाही सल्ला वाड्यावरून येऊ लागला. भिंती आपल्या हातच्या आणि त्यांच्या खालची माती दुसऱ्याची. ऊठ म्हटलं की कुठे जायचं, ही भीती घराच्या उंबऱ्यातच पुरलेली असायची.

एकच कुटुंब एका भाटकाराचं मुंडकार आणि दुसऱ्याचं कूळ असू शकत होतं. आमचं तसंच होतं. म्हणूनच पुढे झालेल्या दोन कायद्यांपैकी आपल्याला कुठला लागू होतो हे पुष्कळ घरांना वर्षानुवर्षं कळलंच नाही. दोन्ही लागू होते.

पेडण्याची मुलगी

शशिकलाताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ रोजी पेडण्यात झाला. वडील दयानंद बांदोडकर खाण व्यवसायात मोठे झाले आणि बहुजन समाजातल्या लोकांसाठी हात सैल ठेवणारे म्हणून गोवाभर माहीत होते. पोर्तुगीज राजवटीत मराठी किंवा इंग्रजीतून पदवी घ्यायची तर गोव्याबाहेर जाण्यावाचून इलाज नव्हता. शिकायची इच्छा असलेली मुलं धारवाड, बेळगाव, मुंबईची वाट धरत. ताईही पदवीसाठी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात गेल्या आणि पुढे मुंबईत त्यांनी एम.ए. केलं. त्या काळी गोव्यातल्या एका मुलीने एकटीने इतकं दूर शिकायला जाणं ही साधी गोष्ट नव्हती, मग घर कितीही सधन असो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि प्रत्येक प्रौढ गोमंतकीयाला, बाई असो की पुरुष, मत मिळालं. भाऊसाहेबांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे आपला मगो, निवडून आला आणि ते पहिले मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या नावातच त्याचं ध्येय होतं : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी ते नाकारलं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली आणि विरोधात १,७२,१९१.

हा आकडा मला ताईंच्या गोष्टीत फार महत्त्वाचा वाटतो. ज्या कामासाठी पक्ष जन्माला आला ते काम संपलं होतं, तरी दोनच महिन्यांनी मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा मगोलाच निवडून दिलं. म्हणजे मगोला मत देणाऱ्या पुष्कळांना विलीनीकरणापेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं. गावात मराठी शाळा हवी होती, ती भाऊसाहेबांनी खेडोपाडी काढून दिली. आणि जमीन हवी होती. तो अर्धा भाग राहून गेला होता.

त्याच १९६७ च्या निवडणुकीत ताई पोंबुर्फा मतदारसंघातून पहिल्यांदा आमदार झाल्या. १९७२ मध्ये डिचोलीतून निवडून आल्या आणि वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या. त्या मंत्रिमंडळातल्या त्या एकट्याच स्त्री. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब अचानक गेले. घरात सुतक आणि सरकारला मुख्यमंत्री नाही, अशा अवस्थेत पक्षाने अडतीस वर्षांच्या शशिकलाताईंना पुढे केलं. तोवर देशात दोनच स्त्रिया मुख्यमंत्री झाल्या होत्या, उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओडिशात नंदिनी सत्पथी.

पद त्यांना भाऊसाहेबांची मुलगी म्हणून मिळालं, हे झाकण्यात काही अर्थ नाही. मुलगी नसत्या तर त्या दिवशी त्यांचं नाव पुढे आलं नसतं. पण १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या बळावर लढवली. भाऊसाहेब जाऊन चार वर्षं झाली होती, आणीबाणी नुकतीच उठली होती, दिल्लीत काँग्रेस पडून जनता पक्ष आला होता. अशा वाऱ्यात मगोने तीस पैकी पंधरा जागा जिंकल्या. काँग्रेसला दहा आणि जनता पक्षाला तीन मिळाल्या. ती मतं कशाची होती याचं उत्तर मधल्या चार वर्षांत आहे.

कसेल त्याची जमीन

आता कायद्याकडे येऊ. शब्द सोपे ठेवतो.

कुळांसाठीचा पहिला मोठा कायदा भाऊसाहेबांच्याच काळातला, १९६४ चा कृषी कूळ कायदा. त्याने दोन गोष्टी केल्या. खंडाला मर्यादा घातली, उत्पन्नाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त घ्यायचा नाही. आणि कुळाला मनाला येईल तेव्हा जमिनीवरून काढायला बंदी केली. कुळाच्या पाठीवरचं ओझं हलकं झालं, पण तो कूळच राहिला. जमीन भाटकाराचीच होती आणि खंड चालूच होता.

ताईंच्या सरकारने १९७६ मध्ये या कायद्यात पाचवी दुरुस्ती आणली आणि चित्रच पालटलं. तिचं सार असं : २० एप्रिल १९७६ हा 'कसणाऱ्यांचा दिवस' धरायचा. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल, त्याने ती जमीन मालकाकडून विकत घेतली असं कायद्याने मानायचं.

'मानायचं' या एका शब्दात सगळी करामत आहे. नेहमीच्या खरेदीत विकणारा तयार असावा लागतो, त्याने सही करावी लागते, निबंधकाकडे जावं लागतं. भाटकार कधी सही करणार होता? म्हणून कायद्याने सहीची अटच काढून टाकली. विकणाऱ्याची इच्छा असो वा नसो, त्या तारखेला विक्री झालीच. १९ एप्रिलला कूळ म्हणून झोपलेला माणूस २० एप्रिलला कायद्याच्या नजरेत मालक म्हणून उठला.

मात्र फुकट नाही. मामलेदाराने नोटीस काढायची, चौकशी करायची, किंमत ठरवायची. कुळाने ती भरायची आणि मग त्याला खरेदीची सनद मिळायची. गोव्यातल्या पुष्कळ कुटुंबांचं गाडं इथेच अडलं. जमीन आपली झाली ही बातमी वाड्यावाड्यांवर पोचली, पण सनद घेतल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही हे सगळ्यांपर्यंत पोचलं नाही. खंड द्यायचा थांबला म्हणजे काम झालं, असं लोकांनी धरलं. आज तिसऱ्या पिढीतले नातू मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढतात ते यामुळे.

दुसरी अडचण नावाची. आपण कूळ आहोत हे सिद्ध करायचं कसं? खंडाची पावती द्यायची पद्धत फार थोड्या ठिकाणी होती. इथे उपयोगी पडली ती जमिनीची मोजणी. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली गोव्याची गावोगाव मोजणी झाली आणि त्यातून एक-चौदाचा उतारा आला. महाराष्ट्रात सातबारा तसा आमचा एक-चौदा. त्यात कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क असे वेगवेगळे रकाने असतात. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत ते खरं धरलं जातं. मोजणीदार शेतात आला तेव्हा ज्याने पुढे होऊन नाव सांगितलं, त्याचं पुढे पुष्कळ निभावलं. जो त्या दिवशी मजुरीला गेला होता किंवा भाटकाराच्या भिडेने गप्प राहिला, त्याचा रकाना कोरा राहिला. एका दुपारी कोण शेतात हजर होतं यावर काही घरांचं पुढचं आयुष्य ठरलं आहे.

अशा मिळालेल्या जमिनीवर बंधनंही आहेत. मामलेदाराच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याला देता येत नाही. १९९१ मध्ये तर वेगळा कायदा होऊन अशी जमीन शेतीखेरीज कशालाही वापरायला मनाई झाली. गोव्यात जमिनीला आज जो भाव आहे तो पाहिला की या बंधनाची किंमत कळते. शेत वाचलं ते काही अंशी त्यामुळेच.

एक गोष्ट मात्र या कायद्याच्या बाजूने असलेल्या माणसानेही मान्य केली पाहिजे. नदीकाठची आपली खाजन शेती बांधांवर उभी आहे. बांध राखायचा, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं भरती-ओहोटीप्रमाणे उघडायची, लावायची, हे सामुदायिक काम आहे. कोमुनिदादी आणि भाटकार ते करत किंवा करवून घेत. मालकी गेल्यावर त्यांनी हात काढून घेतला. ही जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. त्यासाठीचे नियम १९७५ मध्येच झाले होते. काही गावांत संघटनांनी ते काम नेकीने केलं. काही ठिकाणी मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावातच जास्त लक्ष राहिलं, बांध खचले आणि शेतात खारं पाणी भरलं. आमच्या गावचं एक खाजन मी लहानपणी भाताने डोलताना पाहिलंय. आज तिथे बगळे असतात आणि खारफुटी. मालकी वाटून देता येते, पण बांधावर रात्री कंदील घेऊन जाणारा माणूस कायद्याने तयार करता येत नाही. याचा विचार त्या वेळी अधिक व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

राहील त्याचं घर

मुंडकारांना सगळ्यांत आधी तात्पुरतं संरक्षण १९७१ च्या कायद्याने मिळालं होतं. ताई मुख्यमंत्री असताना १९७५ मध्ये खास मुंडकारांसाठी कायदा झाला आणि त्यात दोन हक्क आले. पहिला, घरातून न काढण्याचा. भाटकाराला वाटलं म्हणून मुंडकार उठत नाही, त्यासाठी कायद्याने ठरवलेली कारणं आणि मामलेदाराचा हुकूम लागतो. हा हक्क मुंडकाराच्या वारसांनाही जातो. दुसरा, घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा. पंचायत क्षेत्रात साधारण तीनशे चौरस मीटर आणि शहरी भागात दोनशे, अशी त्याची ढोबळ मर्यादा आहे.

इथे कूळ कायद्याशी असलेला फरक लक्षात घ्या. कुळाच्या बाबतीत खरेदी झालीच असं कायदा मानतो. मुंडकाराला मात्र खरेदीसाठी स्वतः अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर न काढण्याचा हक्क राहतो, पण जागा नावावर होत नाही. आमच्या आजीने पहिल्या हक्कावर समाधान मानलं, कारण तिच्या आयुष्यातली भीती तेवढ्याने गेली होती.

मुंडकार कोण नाही, हेही कायद्यात आहे. घराचं भाडं देणारा भाडेकरू मुंडकार नाही. मालकाच्या घरात राखणदार म्हणून राहिलेला, पगारी घरगडी म्हणून बाहेरच्या खोलीत राहिलेला, खाण किंवा कारखान्याच्या जागेत राहणारा कामगार, हेही नाहीत. आजचे बहुतेक वाद याच रेषेवर होतात. भाटकाराचा वकील म्हणतो, हा राखणदार होता. अर्जदार म्हणतो, माझ्या आजोबांनी भिंत घातली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची भिंत कुणी घातली याचा साक्षीदार आणायचा कुठून?

हे कायदे करणं सोपं नव्हतं. गोवा, दमण आणि दीव तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. विधानसभेने मंजूर केलं की संपलं असं नव्हतं. महत्त्वाची विधेयकं राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला जात आणि वर नायब राज्यपाल असत. आणीबाणीत इंदिरा गांधींनी जाहीर केलेल्या वीस कलमी कार्यक्रमात जमीन सुधारणा होत्या, त्यामुळे त्या वेळी दिल्लीचा वारा अनुकूल होता. काळ वाईट होता, लोकांची तोंडं बंद होती, हे विसरून चालणार नाही. पण त्या काळात आलेला कुळांचा हा कायदा आणीबाणी उठल्यावरही टिकला. जमीनमालकांनी त्याला आव्हान दिलं, लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि वर्षानुवर्षं कुळांची प्रकरणं लोंबकळत राहिली.

सगळ्याच कष्टकऱ्यांना ताईंचं सरकार तितकं जवळचं वाटलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रापणकार, म्हणजे रापण हे मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढणारे मच्छीमार, आंदोलनात उतरले. ट्रॉलर काठापर्यंत येऊन मासळी ओरबाडतात आणि आमची रापण रिकामी येते, ही त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. शेतकऱ्याच्या बाबतीत दाखवलेली तत्परता त्यांच्या वाट्याला आली नाही. किनाऱ्याजवळचा पट्टा राखून ठेवणारा सागरी मासेमारीचा कायदा १९८० मध्ये आला, तेव्हा ताई सत्तेवर नव्हत्या.

पंधराचं गणित

तीस जणांच्या सभागृहात पंधरा म्हणजे बरोबर निम्मे. तेवढ्यावर सरकार चालतं, पण एकही जण हलला तर कोसळतं. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला. त्याआधी पक्ष सोडणाऱ्या आमदाराची आमदारकी जात नसे. एप्रिल १९७९ मध्ये मगोतलेच काही आमदार विरोधकांना मिळाले आणि सरकार पडलं. २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोला सात जागा मिळाल्या आणि ताईंनाही पराभव पत्करावा लागला. पूर्वी मगोच्याच मंत्रिमंडळात असलेले प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले.

त्यानंतरची काही वर्षं त्यांच्या चाहत्यांना आजही बोचतात. ताई काँग्रेसमध्ये गेल्या, तिथून बाहेर पडून भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढला, मग पुन्हा मगोत आल्या. ज्या वाड्यावाड्यांनी त्यांना घरातली मोठी बहीण मानलं होतं, तिथल्या लोकांना कुणाच्या निशाणीवर शिक्का मारायचा हे कळेनासं झालं. पक्ष त्यातून पुरता सावरलाच नाही.

१९९० च्या आघाडी सरकारात त्या शिक्षणमंत्री झाल्या. ते सरकार वर्षभरही टिकलं नाही, पण त्यांचा एक निर्णय दोन दशकं टिकला. प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवं असेल तर माध्यम मराठी किंवा कोकणी असलं पाहिजे, हा तो निर्णय. त्यामुळे चर्चच्या कितीतरी शाळा इंग्रजीवरून कोकणीवर आल्या. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या वादात मराठीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बाईंच्या निर्णयाने कोकणी शाळा वाढल्या, याची नोंद दोन्ही बाजूंनी फार कमी घेतली. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनात ताई पुढे होत्या. वय शहात्तर. या प्रश्नावर माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं, कारण माझीच मुलं इंग्रजी शाळेत गेली. पण उतारवयात सत्तेची काही आशा नसताना रस्त्यावर आलेल्या त्या बाईंना पाहून मला आजीचं वाक्य आठवलं होतं.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या गेल्या. त्यांच्यानंतर गोव्यात एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. २०२२ मध्ये चाळीस जणांच्या विधानसभेत तीन स्त्रिया निवडून आल्या.

कूळ-मुंडकारांची प्रकरणं मात्र संपलेली नाहीत. २०१४ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती करून ती मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे न्यायचं ठरलं, तेव्हा गावोगाव संताप उसळला आणि पुढे ती पुन्हा मामलेदारांकडे आली. ज्यांच्या घरी असं काही अर्धवट पडलं आहे त्यांनी आधी एक-चौदाचा उतारा काढावा. शेत असेल तर कुळाचा रकाना पाहावा. घर असेल तर इतर हक्कांचा रकाना पाहावा आणि नकाशावर त्या सर्वे नंबरात घराचा चौकोन दाखवलाय का ते पाहावं. जुनी घरपट्टीची पावती, विजेचं पहिलं बिल, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचा पत्ता, काहीही टाकू नये.

आमच्या घराच्या खरेदीचा अर्ज शेवटी आईने केला, आजी गेल्यानंतर. फाइलमध्ये सगळ्यात वर आजीच्या नावाची घरपट्टीची पावती आहे, तिच्या मागे अंगठा. भाटकारांची पुढची पिढी परदेशात असते, नोटीस पोचायलाच दोन पावसाळे गेले. आईने कागद एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत. पुढची तारीख गणेश चवथीनंतरची आहे.